पायाखालचा दाब: संगणकाचा आकडा आणि मातीचा शब्द



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पायाच्या गणितावर काय बोलणार? शंका रास्त आहे. आम्ही अभियंते नाही. एखादी गोष्ट आपल्याला 'माहीत आहे' असं आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर, हे शिकवण्यात आमची नोकरी संपली. पण निवृत्त माणसाला लोक समित्यांवर घेतात, तसं आम्हालाही घेतलं. अमळनेरच्या बाजूला एका गावात लोकवर्गणीतून मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती. तळमजला आणि वर दोन मजले. इमारत समितीच्या कागदांवर ज्यांच्या सह्या लागणार, त्यांत आमची एक.

एका बैठकीत तरुण अभियंत्यानं संगणकावर केलेल्या पायाच्या हिशेबाची रंगीत पानं टेबलावर मांडली. एका कॉलमखालच्या फुटिंगचं चित्र होतं. मध्यभागी निळं, कडांना पिवळं आणि चारही कोपऱ्यांत लालभडक. लाल रंगासमोर आकडा ३८.४. माती तपासणीच्या अहवालात मातीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे आपण बोलताना जिला एसबीसी म्हणतो ती, दर चौरस मीटरला १८ टन. बैठकीत एकदम शांतता. खजिनदार म्हणाले, "फुटिंग दुप्पट करा, पैशाचं बघू." दुसरे एक सदस्य म्हणाले, "संगणक असं दाखवतोच, दुर्लक्ष करा." आणि दोघंही आमच्याकडे बघायला लागले.

आम्ही सही केली नाही. त्या रात्री आम्ही आणि तो अभियंता कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते आज आपल्यासमोर ठेवायचं आहे. कारण आता तालुक्याच्या गावीही असे रंगीत कागद येतात आणि त्यावर सही करणारे बहुतेक आपल्यासारखेच असतात.

दोन आकडे, दोन प्रश्न

सुरुवातीलाच एक फरक पक्का करून घेऊ. इमारत मातीवर किती दाब टाकते, हा एक प्रश्न. माती किती दाब सोसते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वरून येतं. कॉलम, भिंती, स्लॅब, माणसं, पुस्तकं यांच्या वजनातून. दुसऱ्याचं उत्तर खालून येतं. खड्डा खणून, नमुना काढून, चाचणी घेऊन. संगणकावरचं प्रतिमान पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतं. दुसऱ्याचं देत नाही. चित्रात लाल रंग दिसला की आपल्याला वाटतं, माती ओरडते आहे. मातीनं अजून तोंड उघडलेलं नसतं. तो रंग आपणच भरलेल्या माहितीचा असतो.

मग हे प्रतिमान करतं काय? फायनाईट एलिमेंट पद्धत, म्हणजे मोठ्या वस्तूचे लहान लहान तुकडे पाडायचे, तुकडे जिथे एकमेकांना भेटतात त्या बिंदूंना नोड म्हणायचं आणि प्रत्येक नोडवर बलांचा मेळ घालायचा. 'फायनाईट एलिमेंट' हे नाव अमेरिकेतले रे क्लफ यांनी १९६० साली दिलं. पायाच्या बाबतीत काँक्रीटच्या तुकड्यांखाली माती म्हणून बहुधा स्प्रिंगा बसवतात. ही स्प्रिंगांची कल्पना फार जुनी. १८६७ साली प्राग इथे एमिल विंकलर यांनी मांडलेली. प्रत्येक नोडखाली एक स्प्रिंग. ती जितकी दबेल तितकी उलट रेटेल. तो रेटा भागिले त्या नोडच्या वाट्याचं क्षेत्रफळ, की झाला दाब.

'वाट्याचं क्षेत्रफळ' हे दोन शब्द लक्षात ठेवा. आमच्या ३८.४ चं मूळ तिथेच निघालं.

लाल कोपऱ्याची झडती

फुटिंग २ मीटर लांब, २ मीटर रुंद. म्हणजे ४ चौरस मीटर. कॉलममधून येणारं वजन ६० टन, अगदी मधोमध. सोयीसाठी फुटिंगचं स्वतःचं वजन तूर्त बाजूला ठेवू. शाळकरी भागाकार केला तर सरासरी दाब १५ टन. १८ च्या आत. मग ३८.४ आलं कुठून?

अभियंत्यानं फुटिंगचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे चौकोन पाडले होते. चार आडवे, चार उभे. त्याचे नोड झाले २५. आता प्रत्येकाचा वाटा बघा. आतल्या ९ नोडांच्या चारही बाजूंना चौकोन आहेत, त्यांच्या वाट्याला प्रत्येकी ०.२५ चौरस मीटर. कडेच्या १२ नोडांच्या वाट्याला निम्मं, ०.१२५. आणि कोपऱ्यातल्या चौघांच्या वाट्याला फक्त ०.०६२५. शेताच्या वाटणीसारखंच आहे हे, कोपऱ्यातल्या भावाला पाव वाटा. बेरीज करून पाहा, बरोबर ४ येते.

स्प्रिंगेचा ताठपणाही याच वाट्यानं द्यायला हवा. इथे घाईत पंचवीसही नोडांखाली सारखीच स्प्रिंग बसवली गेली होती. फुटिंग जाड, ताठ. ते सगळीकडे सारखं खाली गेलं. मग प्रत्येक स्प्रिंगेनं सारखाच भार उचलला. ६० भागिले २५, म्हणजे २.४ टन. आता हे २.४ आतल्या नोडच्या ०.२५ ने भागा, ९.६ येतात. कडेच्या ०.१२५ ने भागा, १९.२ येतात. कोपऱ्याच्या ०.०६२५ ने भागा, ३८.४! तोच तो लाल आकडा. मातीत काहीच घडलेलं नव्हतं. कोपऱ्याखालच्या मातीला आपणच आतल्या मातीच्या चौपट ताठ करून ठेवलं होतं. ही चूक त्या तरुणानं स्वतःच शोधली, मोकळेपणानं मान्य केली आणि स्प्रिंगा वाट्याप्रमाणे दिल्यावर सगळं चित्र एका रंगाचं, १५ चं झालं.

इथे एक बारकावा आहे. चुकीच्या चित्रातही एकूण बेरीज ६० टनच येत होती. म्हणजे 'खालचे सगळे रेटे मिळून वरचं वजन भरलं पाहिजे' ही तपासणी आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा फरक नवा नाही. बेरीज जुळली नाही तर हिशेब नक्की चुकला. जुळली म्हणून बरोबर आला असं होत नाही.

आता कोणी म्हणेल, मग कोपऱ्यातला लाल रंग नेहमी खोटाच समजायचा का? नाही, तसंही नाही. स्प्रिंगांऐवजी माती सलग लवचीक पदार्थ म्हणून घेतली, तर ताठ फुटिंगच्या कडेला दाब खरोखर वाढतो. गोल, ताठ पायाचं शास्त्रीय उत्तर असं सांगतं, की मध्यभागी दाब सरासरीच्या निम्माच आणि कडेला सिद्धांतानुसार अनंत. चिकणमातीवर ही प्रवृत्ती दिसते. वाळूवर उलट, कडेची वाळू बाजूला सरकते आणि दाब मध्यभागी जास्त. आता संगणकाला 'अनंत' गाठायला सांगितलं तर तो काय करेल? जाळी जितकी बारीक कराल तितका कडेचा आकडा चढत जाईल. ५० सेंटिमीटरच्या जाळीत एक, २५ च्या जाळीत त्याहून मोठा, १० च्या जाळीत आणखी मोठा. खरी माती मात्र एका मर्यादेनंतर कडेला नमते आणि भार आत सरकवते. म्हणून एकट्या नोडचा कमाल आकडा एसबीसीशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. थोड्या क्षेत्रावरची सरासरी बघावी आणि जाळी बारीक केल्यावर ती टिकते का ते बघावं. सरासरी टिकली तर आकड्यावर विचार करता येतो. टिकली नाही तर तो आकडा जाळीचा आहे, मातीचा नव्हे.

माती ओढून धरत नाही

दुसरी गोष्ट. ६० टन मधोमध न येता बाजूला सरकून आले तर? वारा, भूकंप किंवा हद्दीला चिकटून घेतलेला कॉलम, कारण काहीही असू शकतं. मध्यापासून २० सेंटिमीटर सरकले तर एका कडेला दाब २४ टन आणि दुसऱ्या कडेला ६. एक लक्षात घ्या, सरासरी अजून १५ च आहे, पण एक कड १८ च्या पुढे गेली. ५० सेंटिमीटर सरकले तर साधं सूत्र सांगतं, एका कडेला ३७.५ आणि दुसऱ्या कडेला उणे ७.५.

उणे म्हणजे काय? माती फुटिंगला खाली ओढून धरते आहे! स्प्रिंग ओढू शकते, माती ओढत नाही. तिला हात नाहीत. फुटिंगची ती कड प्रत्यक्षात उचलली जाते, दोन मीटरपैकी दीडच मीटर मातीला टेकून राहतं आणि दुसऱ्या कडेचा दाब होतो ४०. म्हणून ओढ लागली की स्प्रिंग आपोआप सुटेल, अशी सोय प्रतिमानात करावी लागते. इथेही गंमत अशी, की चुकीच्या उत्तराची बेरीज ६० च येते. रंगीत चित्रात उणे आकडा बहुधा शांत, निळ्या रंगात दिसतो. लाल रंगाकडे सगळे बघतात. निळ्याची चौकशी कोणी करत नाही.

स्प्रिंगेचा ताठपणा कुठून आणायचा?

आता अवघड जागा. स्प्रिंग किती ताठ, हे कसं ठरवायचं? एक मार्ग प्लेट चाचणीचा. ३० सेंटिमीटरची लोखंडी प्लेट मातीवर ठेवायची, दाब वाढवत न्यायचा आणि ती किती खचते ते मोजायचं. समजा १५ टन दाबाला ती ५ मिलिमीटर खचली. १५ भागिले ०.००५, म्हणजे दर घनमीटरला ३,००० टन. हाच आकडा दोन मीटरच्या फुटिंगला लावायचा का? कार्ल टर्झागी यांनी १९५५ च्या निबंधात या प्रश्नाचा ऊहापोह केला. चिकणमातीत हा ताठपणा रुंदीच्या व्यस्त प्रमाणात घटतो. ३० सेंटिमीटरला ३,००० असेल तर २ मीटरला ४५०. म्हणजे त्याच १५ टनाला फुटिंग ५ नव्हे, सुमारे ३३ मिलिमीटर खचेल. वाळूचा नियम वेगळा आहे, पण मुद्दा तोच. लहान प्लेटला उथळ माती दिसते, मोठ्या पायाला खोल माती दिसते.

हे न ओळखल्याची किंमत १९१३ साली कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे मोजली गेली. तिथे गव्हाचं अवाढव्य कोठार राफ्टवर उभारलं होतं. चाचण्या झाल्या त्या वरच्या ताठर चिकणमातीवर. तिच्याखाली मऊ चिकणमातीचा थर होता. कोठार भरत गेलं आणि ऑक्टोबरमध्ये ते अख्खं एका बाजूला जवळजवळ २७ अंश कललं. कोठाराचं काँक्रीट शाबूत, खालची माती गेलेली. पुढे खडकापर्यंत आधार नेऊन त्यांनी ते पुन्हा सरळही केलं, हे त्यांचं कौशल्य. पण प्लेट जे सांगत होती ते खोटं नव्हतं. तिला विचारलेला प्रश्न लहान होता.

आमच्या अभ्यासिकेच्या हिशेबात मात्र प्लेट चाचणी नव्हतीच. ताठपणाचा आकडा होता २,१६०. तो कसा आला ते विचारलं. एक प्रचलित ठोकताळा आहे. सुरक्षित क्षमता १८. सुरक्षेचा गुणक ३ धरून तिची तिप्पट ५४. एवढ्या दाबाला माती २५ मिलिमीटर खचते असं गृहीत धरायचं आणि ५४ ला ०.०२५ ने भागायचं. आले २,१६०. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा रे, तू १८ वरून स्प्रिंग ठरवलीस, स्प्रिंगेवरून दाब आणि खचणं काढलंस, ते १८ च्या चौकटीत बसलं म्हणून पाया सुरक्षित म्हणतोस. १८ ला साक्षीदार कोण?" न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहू पाहतात, तसं.

ठोकताळा वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. दुसरं काही हाती नसेल तर सुरुवात त्यानंच करावी लागते. पण मग तो आकडा निम्मा करून पाहा, दुप्पट करून पाहा. एकेकट्या, ताठ फुटिंगमध्ये दाबाच्या वाटपात फारसा फरक पडणार नाही, खचणं मात्र बदलेल. राफ्टवर वेगवेगळ्या वजनाचे कॉलम असतील तर वाटपही बदलतं. स्प्रिंगा ताठ घेतल्या तर दाब कॉलमांखाली गोळा होतो, मऊ घेतल्या तर पसरतो. निम्मं-दुप्पट करूनही आपला निर्णय बदलत नसेल तर पुढे जावं. बदलत असेल तर संगणक बंद करून खड्ड्याकडे जावं.

जाता जाता दोन लहान गोष्टी, कारण घोटाळे इथेच फार होतात. काँक्रीट आणि सळईच्या हिशेबासाठी वजन दीडपट करून घेतात. माती तपासताना ते दीडपट वजन घ्यायचं नाही. नाहीतर आपले १५ चे २२.५ होतात आणि विनाकारण धास्ती बसते. दुसरं, अहवालातली क्षमता निव्वळ आहे की ढोबळ, हे विचारावं. दोन मीटर खणलं तर तिथे आधीपासून जवळजवळ साडेतीन टन प्रति चौरस मीटर मातीचाच दाब होता. निव्वळ क्षमता म्हणजे त्याच्यावर आणखी किती. आणि सुरुवातीला बाजूला ठेवलेलं फुटिंगचं वजन इथे हिशेबात घ्यायला विसरू नये.

धूर, अग्नी आणि ओलावा

इथपर्यंत आल्यावर आम्हाला हायसं वाटलं. लाल कोपरा खोटा, सरासरी १५, क्षमता १८. सही करायला हरकत नव्हती. पेन हातात घेतलं आणि अहवालावरची तारीख दिसली. मे महिना.

आता थोडं आमच्या विषयाकडे वळतो. अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, प्रताप शेठजींनी उभं केलेलं. तेव्हा या मातीत न्यायशास्त्राचं नाव काढायला संकोच नको. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलट म्हटलं, की अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, तर चूक. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीतून धूर निघायला एक अट लागते, सरपण ओलं हवं. ही न बोललेली अट म्हणजे 'उपाधी'. अनुमान फसतं ते बहुतेक वेळा उपाधी ध्यानात न घेतल्यामुळे.

नैयायिकांनी उदाहरण घेतलं ते ओल्या सरपणाचं, आणि आपल्या काळ्या मातीची उपाधीही नेमकी ओलावाच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. काळी माती विटेसारखी कडक होते आणि तिच्या भेगांत हात जातो. त्या वेळी तिची ताकद मोजली तर ती भरपूरच भरणार. पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ पडते. कारण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि थर दूर सरकतात. 'माती १८ टन सोसते' या वाक्यात 'कोरडी असताना' हे शब्द गिळलेले होते. आणि स्प्रिंगेला तर फुगणं मुळात माहीतच नाही. ती दाबली तरच रेटते, ओली झाली म्हणून आपणहून वर उठत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असं नाही. जळगावला आमचं स्वतःचं घर आहे, एकमजली, काळ्या मातीवर उथळ पाया घेऊन बांधलेलं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग गेली आहे. तिच्यावर आम्ही कागदाची पट्टी चिकटवून तारीख लिहायचो. मे महिन्यात पट्टी फाटायची; श्रावणात भेग जवळजवळ मिटायची. किती वर्षं आम्ही ती गिलाव्याची भेग समजत होतो. शेवटी रंगकाम करायला आलेल्या गवंड्यानं एका वाक्यात सांगितलं, "सर, ही माटी उन्हायामा फाटस नि पावसायामा फुगस, भित काय करी?" आमची पदवी त्या वाक्यापुढे काही कामाची नव्हती.

आता खजिनदारांची सूचना आठवा, फुटिंग दुप्पट करा. क्षेत्रफळ दुप्पट केलं तर दाब १५ चा साडेसात होतो. कागदावर दुप्पट सुरक्षित! पण फुगणाऱ्या मातीला वरून जितका कमी दाब, तितकी वर उठायला मोकळीक. मातीचा फुगण्याचा दाब हलक्या इमारतीच्या पायाखालच्या दाबाहून जास्त असू शकतो. म्हणून तर काळ्या मातीत मोठ्या इमारतींआधी लहान घरं, कुंपणाच्या भिंती आणि फरश्या तडकतात. म्हणजे लाल कोपऱ्याला घाबरून आपण लोकांचे पैसे खर्च करून इमारत अधिक अडचणीत आणणार होतो. चुकीचा आकडा वाचला की नुसती भीती चुकीची ठरत नाही, उपायही चुकीचा निघतो.

या दुखण्यावर आपल्याच देशात चांगलं काम झालेलं आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं बुडाशी फुगीर असलेले अंडररीम्ड पाइल प्रचारात आणले. ते हलत्या थराच्या खाली जाऊन रुतून बसतात. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवलं, की काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा योग्य जाडीचा थर दिला तर फुगणं आवरता येतं. आणि जिथे मुरूम हाताशी आहे तिथे सगळ्यात साधा उपाय म्हणजे काळी माती ओलांडून मुरमावर जाणं.

पण मुरूम किती खोल? इथे खानदेश एक नाही. तापीकाठी, यावल-रावेर-चोपड्याच्या पट्ट्यात नदीचा गाळ शेकडो फूट खोल आहे. तिथे मुरूम शोधत खणत राहिलात तर विहीर होईल. धुळ्याकडे बेसाल्ट अनेक ठिकाणी वरच लागतो. शिवाय त्या भागात जमिनीतून उभ्या भिंतींसारखे गेलेले दगडी डाइक पुष्कळ. एकाच प्लॉटमध्ये एक फुटिंग डाइकच्या दगडावर आणि शेजारचं कुजक्या मुरमावर, असं होऊ शकतं. तिथे सगळ्या नोडांखाली सारखी स्प्रिंग देणं म्हणजे दगडाला आणि मुरमाला एकच नाव ठेवणं. इमारतीला तडे जातात ते बहुधा सगळी इमारत सारखी खचल्यानं नव्हे. एक पाय खचतो, दुसरा तसाच राहतो, त्यानं. म्हणून धुळ्याच्या प्लॉटचा आकडा उचलून यावलला लावू नये. शेजारच्या प्लॉटचाही लावू नये.

पुढे काय झालं

समितीनं बांधकाम चार महिने पुढे ढकललं. वर्गणी देणाऱ्यांपैकी काही जण नाराज झाले. आम्हाला 'शंकासुर' हे नाव पडलं, ते अजून आहे. पाऊस झाल्यावर तीन ठिकाणी खड्डे घेतले. दोन खड्ड्यांत सुमारे अडीच मीटरवर मुरूम लागला, तिसऱ्यात त्याहून जरा खाली. ओल्या मातीचे नमुने तपासायला गेले, फुगण्याची चाचणीही झाली आणि १८ चा आकडा काळ्या मातीसाठी टिकला नाही. सगळी फुटिंगं मुरमावर नेली. क्षेत्रफळ वाढवलं नाही, खोली वाढवली. भोवतीचा भराव काळ्या मातीचा न करता मुरमाचा केला, प्लिंथ बीमखाली फुगायला पोकळी सोडली आणि पन्हाळीचं पाणी पायाशी साचू नये म्हणून इमारतीभोवती उतार दिलेला फरशीचा पट्टा केला. त्याच अभियंत्यानं प्रतिमान नव्यानं मांडलं. या वेळी वाट्याप्रमाणे स्प्रिंगा, ओढ लागली की सुटणाऱ्या, ताठपणा निम्मा आणि दुप्पट करून पाहिलेला. खर्च वाढला. मग आम्ही सही केली.

व्याख्यान संपल्यावर समोरून एक प्रश्न आला तो इथे नोंदवतो. एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, शेवटी खड्डाच खणायचा तर संगणकाचा उपयोग काय?" चांगला प्रश्न आहे. खड्डा सांगतो माती काय सोसेल. पंचवीस कॉलमांचं वजन, वाऱ्याचा धक्का, राफ्टचं वाकणं, हे सगळं मिळून मातीवर कुठे किती येईल, हे खड्डा सांगू शकत नाही. ते हातानं करायला महिने लागतील. ते काम संगणकाचं, आणि तो ते उत्तम करतो. आपलं काम एवढंच, की हे दोन आकडे दोन वेगळ्या दारांतून आत आलेत ना, ते पाहायचं. एकाच दारातून आले असतील तर ते एकमेकांची साक्ष देऊ शकत नाहीत.

आपल्यापैकी कोणाला उद्या अशा कागदावर सही करायची वेळ आली, तर अभियंत्याला नम्रपणे पाच गोष्टी विचाराव्यात. सगळ्या रेट्यांची बेरीज वजनाइतकी येते का? जाळी बारीक केली तर आकडा टिकतो का? कुठे माती ओढताना दिसते का? स्प्रिंगेचा आकडा कुठून आणला? आणि नमुना कोणत्या महिन्यात काढला? यातला एकही प्रश्न विचारायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. चांगल्या अभियंत्याला या प्रश्नांचा राग येत नाही, हे आम्ही अनुभवानं सांगतो. आमचा तो तरुण आता हे प्रश्न स्वतःच अहवालाच्या पहिल्या पानावर उत्तरांसह लिहितो.

अभ्यासिका उभी आहे. दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे गेले. आम्ही दर मे महिन्यात जाऊन भिंतींवरून हात फिरवून येतो. मुलं अभ्यासातून मान वर करून बघतात आणि पुन्हा खाली घालतात. अजून तरी कागदाची पट्टी चिकटवायची वेळ आलेली नाही.